बेडरूममध्ये वाय-फाय का पोचत नाही? घरातल्या रेंजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न फ्लॅटमधले आहेत, रो-हाऊसमधले आहेत आणि गावच्या घरातलेही आहेत. नवा राउटर घ्यायला निघाला असाल तर आधी निदान राउटरच्या जागेबद्दलच्या प्रश्नापर्यंत वाचा. बऱ्याच घरांत काम तिथेच भागतं.

नेटच स्लो आहे की रेंज येत नाही, हे ओळखायचं कसं?

फोनचा मोबाइल डेटा बंद करा. हे महत्त्वाचं आहे, कारण वाय-फाय कमकुवत झालं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात आणि मग आपण भलतंच काहीतरी मोजत बसतो. आता राउटरपासून दोन-तीन पावलांवर उभं राहून स्पीड टेस्ट लावा, मग तीच टेस्ट त्रासाच्या खोलीत जाऊन लावा. राउटरपाशी १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर ९० येत असतील आणि बेडरूममध्ये ६, तर लाइन ठणठणीत आहे. अडचण घरातली आहे. राउटरपाशीच ६ येत असतील तर लॅपटॉप थेट लॅन वायरने जोडून पुन्हा बघा. वायरवरही ६ च आले तर ऑपरेटरला फोन करा, खालचं काहीही उपयोगाचं नाही. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच आत पोचत नाहीये, म्हणजे केबल कुठेतरी तुटली, दुमडली किंवा सुटली आहे.

आणखी एक खूण सांगतो. एकाच कोपऱ्यात दिवसभर त्रास होत असेल तर तो रेंजचा प्रश्न. सगळ्या घरात, पण फक्त रात्री नऊ-दहानंतर त्रास होत असेल, तर एकतर ऑपरेटरकडे गर्दी आहे किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर एकमेकांवर ओरडताहेत.

फोनवर काड्या पूर्ण दिसतात, तरी व्हिडिओ अडकतो. असं का?

काड्या कशा दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. खरा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) असतो आणि तो वजा चिन्हासह येतो. वजा ५० म्हणजे उत्तम. व्हिडिओ कॉल बिनत्रासाचा व्हायचा तर साधारण वजा ६७ पर्यंत हवा. वजा ७० च्या पुढे रडतखडत चालतं, वजा ८० ला व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज कसाबसा जातो. हे प्रमाण सरळ नाही: दर ३ आकड्यांना (म्हणजे ३ डेसिबलला) ताकद निम्मी होते आणि दर १० ला एक दशांश. म्हणून वजा ६० आणि वजा ७० हे शेजारचे आकडे वाटले तरी मधे दसपट फरक आहे.

अँड्रॉइडवर ‘वायफाय अ‍ॅनालायझर’ नावाची बरीच मोफत अ‍ॅप्स आहेत. आयफोनवर साधी अ‍ॅप्स हा आकडा वाचू शकत नाहीत. अ‍ॅपलचंच ‘एअरपोर्ट युटिलिटी’ घ्या आणि सेटिंग्जमध्ये जाऊन त्यातला वाय-फाय स्कॅनर सुरू करा. मॅकवर ऑप्शनचं बटण दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की आकडा दिसतो.

घराचा कच्चा नकाशा कागदावर काढा, प्रत्येक खोलीत उभं राहून आकडा लिहा. दार लावून एकदा, उघडून एकदा. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढचे सगळे निर्णय या कागदावरून होतात.

आता काड्यांबद्दलचं दुसरं. त्या फक्त राउटरचा आवाज फोनपर्यंत किती पोचतो ते दाखवतात. फोनचं उत्तर राउटरपर्यंत पोचतंय का, ते दाखवत नाहीत. फोनची बॅटरी लहान, अँटेना लहान, ताकद कमी. म्हणून ‘डबल पॉवर’चा राउटर आणला की काड्या वाढतात, स्पीड मात्र बहुधा तिथेच राहतो.

नव्या टॉवरमध्ये राहायला आलो आणि वाय-फाय बिघडलं. जुन्या इमारतीत हाच राउटर छान चालत होता!

राउटर बिचारा तोच आहे, भिंती बदलल्या. पुण्या-मुंबईकडच्या अनेक नव्या टॉवरमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. बिल्डर लोक त्याला ‘मायवान’ म्हणतात. अशा फ्लॅटमध्ये बाहेरचीच काय, दोन बेडरूममधली भिंतसुद्धा काँक्रीटची आणि आत सळ्यांची जाळी. (खिळा ठोकायला गेलात आणि तो वाकला, तर तुमचं घर त्यातलंच.) जुन्या इमारतीत खांब आणि बीम तेवढे काँक्रीटचे, मधल्या भिंती विटांच्या किंवा ब्लॉकच्या असायच्या. विटेच्या भिंतीतून जाताना सिग्नल थोडा थकतो; काँक्रीटच्या एका भिंतीत सहज १०-१५ डेसिबल जातात, वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर (त्याबद्दल खाली) त्याहून जास्त. वर सांगितलेलं गणित लावा: दोन भिंती ओलांडेपर्यंत शंभरातला एक हिस्साही उरत नाही. अशा घरात एका राउटरवर तीन बेडरूम चालवायची जिद्द सोडा. वायरबद्दलचा प्रश्न खाली आहे, सरळ तिथे जा.

आणि गावचं घर? जांभ्याच्या भिंती आहेत, वर कौलं.

जांभ्याची भिंत जाड असते आणि पावसाळ्यात ओल धरते. पाणी रेडिओ लहरी शोषून घेतं. मातीकामाच्या जुन्या वाड्यांत दोन-दोन फुटी भिंती असतात, तिथे तर सिग्नल दारातून वळूनच आत येतो. अशा घरात राउटर भिंतीच्या मध्यावर न लावता दारांच्या रेषेत लावा, म्हणजे ओटी, माजघर, स्वयंपाकघर एका सरळीत येतील. मातीची कौलं फारशी अडवत नाहीत, त्यामुळे माळ्यावर टांगलेला राउटर कधीकधी चकित करतो. पत्र्याचं मात्र उलट. पत्रा म्हणजे धातू, त्याच्यापलीकडे काही जात नाही. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये वाय-फाय हवं असेल तर शेडच्या आत वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायरने नेट घेऊन तिथे वाय-फाय पसरवणारा डबा) हवा.

राउटर नक्की कुठे ठेवायचा?

जिथे फायबर घरात शिरते तिथे नव्हे. दुर्दैवाने बहुतेक घरांत तो तिथेच असतो, कारण जोडणीला आलेल्या मुलाला पुढच्या घरी जायची घाई होती आणि टीव्हीशेजारी प्लग मोकळा होता.

तुम्ही जिथे नेट वापरता त्या जागांच्या मध्यभागी, उंचावर, उघड्यावर ठेवा. पाच-सहा फुटांवर, म्हणजे माणसं, सोफा आणि डायनिंग टेबल मधे येत नाहीत. टाळायच्या जागा: टीव्हीच्या मागे (टीव्हीची मागची बाजू म्हणजे धातूचा पत्राच), लोखंडी कपाटावर किंवा त्याच्यामागे, फ्रिजवर, फिश टँकशेजारी, आरसा लावलेल्या वॉर्डरोबलगत. आरशामागे धातूचा थर असतो हे विसरू नका. बाथरूम मधे येत असेल तर पाइप, टाइल्स आणि ओल असं सगळं एकत्र आडवं येतं. हॉल आणि बेडरूममध्ये बाथरूम असलेल्या टू बीएचकेंमधली ही हमखास तक्रार.

सगळ्यात वाईट जागा नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरच देतो: मुख्य दारामागची पत्र्याची पेटी. दिसायला नीटनेटकं. ऑपरेटरचा डबा आत ठेवून वर झाकण लावलं की वाय-फायला कोंडूनच टाकलं समजा. डबा तिथेच राहू द्या, त्याचं वाय-फाय बंद करा, आणि लॅन वायरने घराच्या मध्यात दुसरा राउटर लावा.

फायबर स्वतः ओढून डबा हलवायला जाऊ नका. ती काचेची असते. तीक्ष्ण कोन केला की प्रकाश गळतो, आणि मोडली तर जोडायला मशीन लागतं. ऑपरेटरकडून लांब पॅच कॉर्ड (दोन्ही टोकं तयार असलेली फायबर) टाकून घ्या. लेझरचा लाल ठिपका दिसतो का म्हणून तिच्या टोकात डोळा घालून बघू नका. आत येणारा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, इजा मात्र करू शकतो.

राउटर घरातल्यांना शोभेला नको म्हणून कपाटात कोंबला जातो, हेही खरं. लाकडी कपाट चालेल. पत्र्याचं चालणार नाही. ‘रेडिएशन रोखणारे’ म्हणून विकले जाणारे स्टिकर लावले असतील तर काढा: ते एकतर काही करत नाहीत, किंवा जे करतात ते म्हणजे नेमकं तुमचं वाय-फाय अडवणं.

अँटेना कशा ठेवायच्या? चार अँटेनांचा राउटर जास्त लांब पोचतो का?

उभ्या अँटेनेभोवतीचा सिग्नल मेदूवड्याच्या आकाराचा असतो: आडवा सगळीकडे पसरतो, अँटेनेच्या टोकाच्या दिशेने, म्हणजे बरोबर वर आणि खाली, जवळजवळ काहीच नाही. एका मजल्याचा फ्लॅट असेल तर सगळ्या उभ्या ठेवा. रो-हाऊसमध्ये वरच्या मजल्यावर पाठवायचं असेल तर एखादी आडवी करून बघा.

जास्त अँटेना म्हणजे एकाच वेळी डेटाचे जास्त प्रवाह, आणि बऱ्या राउटरमध्ये सिग्नल फोनच्या दिशेने वळवण्याची सोय. पल्ला त्या प्रमाणात वाढत नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ट्रान्समीटरला १ वॅटची आणि अँटेना धरून ४ वॅटची कायदेशीर मर्यादा आहे, मग खोक्यावर कोळ्यासारखं चित्र असो वा नसो.

२.४ वापरायचं की ५? माझ्या वाय-फायच्या नावापुढे ‘५जी’ लिहिलंय.

ते मोबाइलचं फाइव्ह-जी नाही, ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे. २.४ च्या लहरी साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, भिंती ओलांडायला बऱ्या. ५ च्या लहरी त्याच्या निम्म्याहून कमी, भिंतीत लवकर संपतात, पण रस्ता रुंद आणि मोकळा. राउटर असलेल्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत ५. लांबच्या खोलीत २.४. दोन अँटेनांच्या फोनला २.४ वर जुन्या पद्धतीने कागदावर १४४ एमबीपीएस मिळतात, हातात फार तर निम्मे, आणि गजबजलेल्या सोसायटीत त्याहून बरेच कमी. ३०० चा प्लॅन घेऊन २.४ वर बसलात तर पैसे वाया.

दोन्ही पट्ट्यांना एकच नाव द्यावं असं माझं मत, फोन आपलं आपण बघून घेतो. दुखणं शोधत असाल तेवढे दिवस नावं वेगळी ठेवा. स्मार्ट बल्ब, स्वस्त कॅमेरे, गीझरचे स्मार्ट प्लग बहुतेक फक्त २.४ च ओळखतात. ते जोडले जात नाहीत म्हणून राउटर बदलू नका.

सोसायटीत वीस-पंचवीस वाय-फाय दिसतात. त्याने फरक पडतो?

पडतो, २.४ वर खूपच. तिथे भारतात १ ते १३ असे चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. अ‍ॅनालायझरमध्ये बघा, तिन्हीतला सर्वांत मोकळा निवडा, आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ‘कुणीच ३ वर नाही’ म्हणून ३ घेतलात तर १ आणि ६ दोन्हीकडचा त्रास पदरात पडतो, आणि तुमचा त्यांना. ५ वर जागा भरपूर आहे, तिथे ‘ऑटो’ चालतं.

मायक्रोवेव्ह लावला की कॉल तुटतो. भास आहे का?

भास नाही. तोही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो आणि थोडं गळतं. फोन ५ वर न्या, झालं.

दुकानदार म्हणतो दीड हजारात रिपीटर लावा. लावू?

नाइलाज असेल तर. साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर राउटरचं ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे स्पीड निम्मा किंवा त्याहूनही कमी होतो. लोकांची खरी चूक मात्र जागेची असते. रेंज बेडरूममध्ये येत नाही म्हणून रिपीटर बेडरूममध्येच लावतात! जिथे त्यालाच ऐकू येत नाही, तिथून तो काय पुढे पाठवणार? तो मधल्या वाटेवर लावा, जिथे राउटरचा आकडा वजा ६० ते ६५ च्या आसपास आहे. पॅसेजमधला प्लग बहुधा योग्य. दोन पट्ट्यांचा रिपीटर घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

भाड्याच्या घरात, घरमालक खिळाही मारू देत नाही अशा ठिकाणी मी रिपीटरला नाही म्हणणार नाही.

मग मेश?

मेश म्हणजे एकमेकांना ओळखणारे दोन-तीन राउटर, एकच नाव, एकच अ‍ॅप. चांगली सोय आहे, पण जादू नाही. डब्यांमधलं आपसातलं बोलणंही हवेतूनच चालतं आणि काँक्रीट त्यांनाही तेवढंच नडतं. घेणारच असाल तर असा घ्या ज्याला मागे लॅनचं पोर्ट आहे आणि जो डबे वायरने जोडू देतो. वायरने जोडलेला साधा मेश हवेवरच्या महागड्या मेशला हरवतो.

रो-हाऊसमध्ये दुसरा डबा जिन्याच्या वरच्या टोकाशी ठेवा. स्लॅबमधल्या सळ्या चुकवायला जिन्याची मोकळी जागा हीच एक खिडकी आहे.

विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे अ‍ॅडॅप्टरही मिळतात. दोन्ही प्लग एकाच फेजवर असतील आणि वायरिंग बरं असेल तर चालतात. स्पाइक गार्डमध्ये न लावता थेट भिंतीत लावा. विकत घेण्याआधी कुणाकडून तरी मागून आणून बघा.

वायर टाकायची म्हणजे भिंत फोडायची का?

बहुधा नाही. या पानावरचा सर्वांत कामाचा उपाय हाच आहे, आणि लोक सगळ्यात शेवटी तोच करतात, कारण वायर दिसते.

आधी भिंतीत काय आहे ते बघा. २०-२५ वर्षांत बांधलेल्या बहुतेक फ्लॅटमध्ये टीव्हीच्या आणि टेलिफोनच्या वायरीसाठी वेगळे पाइप भिंतीत टाकलेले असतात. बेडरूममधला तो कधीच न वापरलेला टेलिफोनचा पॉइंट उघडा. जुनी वायर सैल असेल तर तिच्याच शेपटाला नवी लॅन वायर बांधून दुसऱ्या टोकाकडून ओढून घेता येते. वायरमनला हे नवीन नाही, तो स्प्रिंग घेऊन येतो. विजेच्या वायरींच्या पाइपात मात्र लॅन घालू नका आणि घालू देऊ नका: सुरक्षित नाही, शिवाय सिग्नलही बिघडतो.

पाइप नसेल तर स्कर्टिंगच्या वरून पीव्हीसीची केसिंग पट्टी. भिंतीच्याच रंगाने रंगवली की आठवड्यात नजरेआड होते. चपटी लॅन केबल दाराखालून सहज जाते, पण पायदळी येणार नाही असं बघा.

केबल कॅट ६ घ्या, कॅट ५ई सुद्धा पुरते: दोन्ही १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत नेतात. फसवणूक होते ती तांब्यात. स्वस्त गुंडाळ्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो, ‘सीसीए’ लिहिलेलं असतं किंवा लिहिलेलंच नसतं. अशी तार ठिसूळ असते, कालांतराने टोकाशी तुटते. ‘प्युअर कॉपर’ म्हणून मागा, शक्य तर टोक खरवडून बघा. आत चांदीसारखं पांढरं दिसलं तर परत करा. वायर टाकल्यावर स्पीड ९४-९५ वर अडला आणि प्लॅन २०० चा असेल, तर आठ तारांपैकी चारच नीट जोडल्या गेल्यात किंवा एका बाजूचं पोर्ट १०० चं आहे. टोकं पुन्हा क्रिम्प करून (प्लगमध्ये दाबून बसवून) घ्या.

वायरच्या दुसऱ्या टोकाला कपाटातला जुना राउटर चालेल?

चालेल, तोच लावा. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, बाकी सगळं तो करतो. नसेल तर त्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याचा पत्ता बदला (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या), आणि वायर ‘वॅन’च्या नव्हे तर ‘लॅन’च्या पोर्टात घाला. नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचाच द्या, सुरक्षा पद्धतही तीच, चॅनेल तेवढा वेगळा. फारच जुना, फक्त २.४ वाला असेल तर आई-बाबांच्या खोलीत यूट्यूब आणि व्हिडिओ कॉलला पुरतो. ऑफिसच्या कामाला दोन पट्ट्यांचा नवा घ्या.

दोन राउटर आहेत, पण फोन लांबच्यालाच चिकटून राहतो.

कुणाला सोडायचं आणि कुणाला धरायचं हे राउटर नाही, फोन ठरवतो. अ‍ॅपलच्या सांगण्याप्रमाणे आयफोन वजा ७० च्या खाली गेल्यावरच दुसरा शोधायला लागतो. तोवर जुन्यावर समाधानी. उपाय थोडा उलटा आहे: राउटरची पॉवर ‘हाय’वरून ‘मीडियम’ करा. दोघांची हद्द लहान झाली की फोन वेळेवर उडी मारतो.

लाईट गेली की नेटही जातं. इन्व्हर्टर नाही.

राउटरसाठी मिनी यूपीएस मिळतात. अ‍ॅडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. बरेच १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे, आणि चुकीचा जोडला तर राउटर जळू शकतो. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप लागेल. एवढं करूनही नेट गेलं तर बिल्डिंगमधल्या ऑपरेटरच्या पेटीत विजेवर चालणारा स्विच आहे आणि त्याला बॅकअप नाही. मोठ्या कंपन्यांच्या फायबरला वाटेतल्या स्प्लिटरसाठी (प्रकाश घराघरांत वाटणारा भाग) वीज लागत नाही, तिथे सहसा हा प्रश्न येत नाही.

पावसाळ्यात रेंज कमी होते का?

घरातल्या घरात नगण्य, ओल्या भिंती सोडल्या तर. पावसात नेट जातं ते बहुतेक बाहेरच्या जॉइंटमध्ये पाणी शिरून किंवा फांदी पडून. गच्चीवरून उघडी लॅन वायर आली असेल तर वीज कडाडताना ती राउटरच्या पोर्टातून काढून ठेवा. फायबर काच आहे, तिच्यातून तो धोका येत नाही.

वाय-फाय ठीक झालं, पण घरात मोबाइलचीच रेंज नाही. बूस्टर लावू?

लावू नका. परवान्याशिवाय मोबाइल सिग्नल बूस्टर लावणं भारतात बेकायदा आहे, ऑनलाइन सर्रास मिळत असला तरी. त्याने जवळच्या टॉवरला त्रास होऊन अख्ख्या परिसराचे कॉल बिघडतात, आणि दूरसंचार विभाग असे बूस्टर शोधून उतरवतो. त्याऐवजी फोनच्या सेटिंग्जमध्ये सिमच्या किंवा कॉलच्या भागात ‘वाय-फाय कॉलिंग’ सुरू करा. एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये आणलं, जिओने जानेवारी २०२० मध्ये. वेगळं अ‍ॅप लागत नाही, समोरच्याला नेहमीचाच नंबर दिसतो. वरच्या पट्टीवर चिन्ह दिसेना तर फोन एकदा विमान मोडवर टाकून फक्त वाय-फाय सुरू करा आणि कॉल लावून बघा.